सहा पावलं

१

दत्तप्रसाद सरांची पिकअप उद्यमनगरच्या गल्लीत शिरली, तेव्हा निम्म्या गॅरेजांतली माणसं हातातले पाने खाली ठेवून बघायला आली. पन्नास वर्षांपूर्वीची परदेशी गाडी. गोल नाक, बटबटीत दिवे, मागं लाकडी फळ्यांचा हौदा आणि वरून नुकताच मारलेला दुधी रंग. भंगारातून उचलून सरांनी तिच्यावर दोन वर्षं आणि बायकोचा सगळा संयम खर्च केला होता. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. तरीही गाडीतली वीज काही त्यांचं ऐकत नव्हती, म्हणून ती नागसेनच्या शेडपुढं येऊन थांबली.

“मिस्त्री, मागची ब्रेक लाइट बघा,” सर म्हणाले. “ब्रेक दाबला की लागत नाही. आणि कुणी दाबत नसताना लागते.”

“गाडी जुनी हाय सर, सवयी बिघडलेल्या असत्यात,” नागसेन म्हणाला. “ठिवून जावा. परवाच्याला या.”

नागसेन गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हाताचा चोख. गल्लीत त्याच्याबद्दल तक्रार एकच होती, की हा माणूस मदतीला कुणाला ठेवत नाही. ब्रेक लाइट तपासायची तर दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून लागली की न्हाय ते ओरडून सांगायचं. सगळीकडं हेच चालतं. नागसेन मात्र सीट आणि पेडल यांच्यात एक लाकडी दांडकं अडकवायचा, स्वतः चालत मागं जायचा आणि लाइट बघायचा. एकदा नव्हे, तीनदा. “नागसेन लाइट बघत न्हाय, दर्शन घेतोय,” असं लोक म्हणायचे. तोही हसायचा. असं तो अकरा वर्षं करत होता, आणि का करत होता ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

दोन हजार पाचचा एप्रिल होता. दुपारी बारा ते चार लोडशेडिंग. वीज गेली की गल्लीतली लेथ मशिनं एकेक करून बंद पडायची, आणि एवढ्या वर्षांत कधी न ऐकलेले आवाज ऐकू यायला लागायचे. कुणाचं तरी खोकणं, पत्र्यावरची खार, झुंबरबाईच्या चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह.

नागसेननं ऊन नको म्हणून शटर निम्मं खाली ओढलं होतं. शेडमध्ये तळघरासारखा अंधार झाला होता. पिकअपचं नाक दाराकडं आणि पाठ आतल्या भिंतीकडं होती. तो बोनेट उघडून फ्यूज बघत होता, तेवढ्यात आतली भिंत लाल झाली.

क्षणभर लाल, मग काळी. पुन्हा क्षणभर लाल, पुन्हा काळी. आणि तिसऱ्या वेळेला लाल झाली ती तशीच राहिली.

नागसेन हातातला फ्यूज घेऊन उभा राहिला. तो त्यानं मुठीत गच्च आवळला होता. का आवळला, ते त्याला लगेच कळलं नाही. डोक्याच्या आधी अंगाला कळलं होतं.

मग डोकं जागेवर आलं. वायर कुठंतरी सोलली असेल, पत्र्याला घासत असेल. उन्हानं पत्रा तापतो, फुगतो, वायरीला टेकतो, सुटतो. दोनदा टेकला, तिसऱ्यांदा चिकटून बसला. त्यात काय एवढं? त्यानं पाना घेतला आणि बॅटरीची वायर काढून टाकली. दोन्ही टोकं लांब केली, मध्ये फडकं ठेवलं.

भिंत लालच होती.

तो गाडीला वळसा घालून मागं गेला. नंबरप्लेटच्या वरची गोल लाल काच शांतपणे जळत होती. त्यानं काचेचे दोन स्क्रू काढले, आतला बल्ब फिरवून बाहेर घेतला. भिंत काळी झाली. बल्ब हाताला पोळत होता. नागसेननं तो फडक्यात धरून शर्टाच्या खिशात टाकला, शटर पुरतं खाली ओढलं आणि तो जेवायला घरी निघाला. चालताना त्याच्या लक्षात आलं, की आज आपण झुंबरबाईच्या गाड्याकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं.

३

त्याची बायको संघप्रिया मोटारीच्या आर्मेचरवर तांब्याची तार गुंडाळायची. लग्न करून आली तेव्हा तिला विजेतलं काही येत नव्हतं. वर्षभरात ती नवऱ्यापेक्षा साफ जोड मारायला लागली. दोन वायरींची टोकं पिळून झाली की वरून निळ्या दोऱ्याचे सात वेढे घ्यायची, मग नागसेननं त्यावर टेप लावायची. बाकीचे हसायचे. बायकू गाडीत आणि नवरा गाडीमागं, हे कोल्हापुरात कुणी बघितलं नव्हतं. पण ब्रेक लाइट तपासायला तीच आत बसायची. उंचीनं ठेंगणी, पेडलपर्यंत पाय पुरायचा नाही. मग सीटवर गोणपाटाची गुंडाळी ठेवायची, पार पुढं सरकायची आणि टाच उचलून पायाच्या बोटांनी दाबायची. दोनदा टकटक, आणि तिसऱ्यांदा दाबून धरायची. मागनं नागसेननं “हाय!” म्हणेपर्यंत पाय उचलायची नाही.

चौऱ्याण्णव सालच्या बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी पेठ वडगावच्या बाळासोंची पिकअप शेडमध्ये होती. हिरवी, जुनी, खटारा. मागची सगळी वायर बदललेली, शेवटचा एक जोड राहिलेला. बाळासो घाई करत होते. त्यांच्याच गाडीतून संघप्रिया वडगावला आईकडं जाणार होती, म्हणून ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून तयार होती. नागसेन झुंबरबाईच्या गाड्यापुढच्या बाकड्यावर बसला होता. गाडी तेव्हा दाराकडं पाठ करून उभी होती, पण बाकड्यावरून मधल्या खांबामुळं मागची लाइट दिसायची नाही. उठून सहा पावलं चालावं लागायचं.

चहा नुकताच हातात आला होता. आतून पेडलचा आवाज आला. दोनदा टकटक, मग दाबून धरलेलं.

“हाय!” नागसेन बाकड्यावरूनच ओरडला.

“बघितलीसा न्हवं?” तिनं आतून विचारलं.

“व्हय की! उतर आता.”

पुढं बाळासोंची म्हातारी आई बसली, म्हणून संघप्रिया मागं हौद्यात बसली, फळीला पाठ टेकून, माहेरी न्यायची पिशवी मांडीवर घेऊन. संध्याकाळी हायवेवर एक ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली, बाळासोंनी ब्रेक मारला, आणि मागनं येणारा ट्रक हौद्यात घुसला.

ट्रक चालवणारा आकाराम आजऱ्याचा होता, काजूची पोती घेऊन निघालेला, पंचविशीचा. कोर्टात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सांगत राहिला, पुढच्या गाडीची लाल लाइट लागली नव्हती. लाइटचा तर चुरा झालेला, दाखवायला काही उरलेलं नव्हतं. मग नागसेनला विचारलं. तुम्ही स्वतः मागं उभं राहून बघितली होती? आणि नागसेन म्हणाला, व्हय साहेब, बघितली हुती.

आकाराम दोन वर्षं कळंब्याच्या तुरुंगात होता.

४

यल्लव्वा, संघप्रियाची आई, लेक गेल्यावर नागसेनकडं आली ती राहिलीच. मूल नव्हतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. “माझ्या लेकीचा धनी उपाशी निजाय नको,” एवढंच म्हणाली आणि चूल ताब्यात घेतली. आता सत्तरी उलटलेली. जावयाला बापू म्हणायची, आधी त्याला वाढायची. आणि रोज सकाळी स्टोव्ह पेटवताना, काडी ओढायच्या आधी, आकारामला एक शिवी घालायची. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

सुटून आल्यावर आकाराम एकदा दारात आला होता. अंगात काही उरलेलं नव्हतं, दाढी वाढलेली. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “आई, तुमची शपथ घिऊन सांगतो, लाइट लागली न्हवती. माझं कोण ऐकना, तुमी तरी ऐका.” यल्लव्वानं पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. नागसेन आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तो बाहेर आला नाही. चप्पल उचलून उंबऱ्याशी नीट ठेवून आकाराम निघून गेला, ती ठेवण्याची चाहूलही नागसेनला आत ऐकू आली होती.

आज यल्लव्वानं भाकरी वाढली, आमटी वाढली आणि हात तसाच ठेवून ती त्याच्या छातीकडं बघत राहिली.

“बापू, खिशात काय पेटालंय?”

नागसेननं खाली बघितलं. शर्टाच्या कापडातून उजेड येत होता. फिका, पिवळा. गेला. पुन्हा आला. गेला. मग आला तो राहिला. छातीला ऊब लागत होती, पोळत नव्हती. कुणीतरी तळहात टेकवल्याएवढी ऊब.

“बल्ब हाय, आत्ती. गाडीचा.”

“असा कसा पेटतोय, वायर न्हाय काय न्हाय?”

“नव्या पद्धतीचा हाय,” नागसेन म्हणाला.

खोटं बोलायला त्याला कधीच वेळ लागत नसे. म्हातारीनं मान हलवली आणि आमटीत तूप सोडलं. नागसेननं भाकरीचा तुकडा आमटीत नुसता फिरवला. डोकं मात्र अजून पळवाटा शोधत होतं. तापलेला बल्ब असेल. डोळ्यांचा भ्रम असेल. पण म्हातारीला मोतीबिंदू होता, तिला समोरचं मीठ दिसत नव्हतं. तिला हे कसं दिसलं?

५

दुसऱ्या दिवशी वीज जायच्या आत काम उरकायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण सकाळी दोन रिक्षा आल्या आणि बारा वाजले. लेथ बंद पडली. गल्ली गप्प झाली.

या जुन्या गाड्यांत ब्रेकचा सिलिंडर पायाखाली, लाकडी फळ्यांच्या तळाशी असतो, आणि लाइटचा स्विच त्यालाच बसवलेला असतो. नागसेननं आतल्या दोन फळ्या उपसून काढल्या, बल्ब परत मागं बसवला आणि गोणपाट अंथरून तो गाडीखाली सरकला. बॅटरी कालपासून सुटीच होती. हातात टॉर्च.

स्विचपासून निघालेली वायर त्यानं बोटांनी चाचपत मागं नेली. वीतभर गेल्यावर वायर संपली. तुटलेली नव्हती. टोक सोलून, पिळून, तयार करून ठेवलेलं होतं. त्याच्यासमोर मागच्या लाइटकडून आलेलं दुसरं टोक, तेही सोललेलं. दोन्ही टोकांमध्ये चार बोटांचं अंतर. आणि पहिल्या टोकाला चिखलानं काळा पडलेला दोरा लोंबत होता. नागसेननं थुंकी लावून तो अंगठ्यानं पुसला.

निळा होता.

त्यानं टॉर्च वर मारली. दुधी रंगाच्या आत, फटींमध्ये, अजून हिरवा रंग होता. हौद्याच्या पुढच्या फळ्या जुन्या होत्या, मागच्या नव्या. का नव्या, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणजे जोड झालाच नव्हता. अकरा वर्षं त्याला निदान एवढा तरी आधार होता, की लागलीही असेल. बघितली नाही हे खरं, पण लागली असेल. रात्री झोप लागायला तेवढं पुरायचं. आता तेही गेलं. तिनं टोक तयार करून ठेवलं होतं. ती साडी नेसून तयार होती, म्हणून गाडीखाली जाऊन दोन टोकं जुळवायचं आणि तिनं अडकवून ठेवलेला दोरा गुंडाळायचं काम त्याचं होतं. चहाला म्हणून तो ते विसरून उठून गेला होता, आणि जोड झाला असं समजून तिनं पेडल दाबलं होतं. आकाराम खरं बोलत होता. शब्दन् शब्द.

नागसेन पाठीवर पडून रडला. आवाज न करता, तोंडावर तेलकट हात ठेवून. किती वेळ ते त्याला कळलं नाही.

मग वर कुर्र झालं.

पेडलच्या स्प्रिंगचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. कुर्र. पुन्हा कुर्र. आणि तिसऱ्यांदा लांब. डोक्याशेजारी सिलिंडरचा दांडा आत सरकला, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं. पायांपलीकडं भिंत लाल झाली. मधला जोड मोकळा, बॅटरी सुटी, आणि भिंत लाल.

उपसलेल्या फळ्यांच्या जागी वर काळी फट होती. नागसेननं टॉर्च तिकडं केली नाही. नुसतं बघितलं. लाल उजेड परतून जेवढा येत होता तेवढ्यात पेडल दिसलं, आणि पेडलवर पायाची पाच बोटं. टाच उचललेली, भेगाळलेली. मागं साडीचा पांढरा घोळ आणि काठ. निळा असावा. त्या उजेडात तो काळा दिसत होता.

पाय हलत नव्हता. वाट बघत होता.

“हाय” म्हटलं की पाय उचलला जाईल, हे नागसेनला माहीत होतं. मग ती खाली उतरेल, पिशवी घेईल आणि हौद्यात जाऊन बसेल. त्याच्या जिभेवर तो शब्द आला होता. नेहमीचा, सोपा.

“संघे,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी बघितली न्हवती गं.”

पाय हलला नाही. उजेडही गेला नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. चार वाजता वीज आली, समोरची लेथ घरघरायला लागली आणि भिंत एकदम साधी, चुन्याची झाली. वर पाहिलं तर पेडल रिकामं होतं आणि तरीही खाली दाबलेलं. तो गाडीखालून बाहेर सरकेपर्यंत ते तसंच होतं.

घरी जाताना त्याला समजलं. तिला सांगून काय उपयोग? तिला तर ठाऊकच होतं.

६

यल्लव्वा बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती. नागसेन तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बाकडं, चहा, “हाय” म्हणून ओरडणं, कोर्ट, निळा दोरा. पाय मात्र नाही सांगितला. ते सांगायचं धैर्य झालं नाही. सांगताना तो तिच्या हातांकडं बघत होता. हात आधी तांदळात फिरत होते, मग थांबले.

तिनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. शेजारचा रेडिओ बाजारभाव सांगत होता.

“किती लांब हुतं?” शेवटी तिनं विचारलं.

“काय?”

“तुमचं बाकडं. गाडीपासनं.”

“सहा पावलं, आत्ती.”

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि चुलीपासून चालायला लागली. मोठ्यानं मोजत. एक. दोन. तीन. चार. चार पावलांत घर संपलं. ती उंबऱ्याशी थांबली, मग बाहेर अंगणात उतरली. पाच. सहा. आणि तिथंच मटकन खाली बसली.

“एवढंच?” ती म्हणाली. “आन मी त्या पोराच्या तोंडावर चप्पल मारली.”

अंधार पडेपर्यंत ती तिथंच बसून होती. नागसेननं दोनदा आत बोलावलं, तिनं मान वर केली नाही. आता ही वडगावला निघून जाणार, आपलं बोचकं बांधणार, आणि उद्यापासून या घरात स्टोव्ह कोण पेटवणार, असं नागसेनच्या मनात आलं. जावं तिनं. तेच बरोबर होतं. पण एवढ्या वर्षांत तिच्या शिव्या ऐकून तो जागा व्हायचा. दुसरं कुठलं घड्याळ घरात नव्हतं.

सकाळी स्टोव्ह पेटला. शिवी आली नाही. यल्लव्वानं चहा त्याच्यापुढं ठेवला.

“आजऱ्याला जायाचं,” ती म्हणाली. “त्याच्या दारात जाऊन तुमी तुमच्या तोंडानं सांगायचं. मी माझी चप्पल त्याच्या हातात देणार. काय करायचं ते करू दे. मग कोर्टात सांगायला लागंल तर तिकडंबी जायाचं.”

“व्हय, आत्ती.”

“पर आधी मला ती गाडी दाखवा. कशी बघत्यात लाइट, ते बघू दे मला. माझी लेक तेवढ्यापायी गेली, मला ठावं पायजे.”

७

म्हातारी शेडमध्ये आली तेव्हा बारा वाजून गेले होते. गल्ली गप्प होती. नागसेननं समोरच्या शेडमधल्यांना हाताशी घेऊन पिकअप ढकलून फिरवून ठेवली. पाठ दाराकडं, त्या दिवशीसारखी. बॅटरी जोडली. मधली वायर मात्र तशीच सुटी ठेवली. जसं होतं तसंच तिला दाखवायचं होतं. फळ्या परत बसवून त्यानं सीटवर गोणपाटाची गुंडाळी ठेवली आणि तिला हात धरून वर चढवलं. ती पुढं सरकून बसली. पाठमोरी, ठेंगणी, डोक्यावर पदर. नागसेननं नजर काढून घेतली.

“मी सांगितल्यावर दाबा,” तो म्हणाला. “लागत न्हाय ते मी बघून सांगतो.”

“तुमी कुठं हुता?”

“तितं. बाकड्यावर.”

“मग तितंच बसा. तितनं उठून या.”

झुंबरबाईनं काही न विचारता त्याला बाकड्यावर जागा दिली. तिनं चहा पुढं केला, त्यानं नको म्हटलं. खांबाआड गाडीचा मागचा भाग दिसत नव्हता. तो आता हाक मारणार, एवढ्यात आतून आवाज आला.

कुर्र. कुर्र. आणि मग लांब, दाबून धरलेला.

म्हातारीनं घाई केली, असं त्याला वाटलं. तो उठला. एक, दोन, तीन. चार, पाच. सहाव्या पावलाला तो गाडीमागं उभा राहिला आणि त्यानं बघितलं. डोळे भरून, नीट, खाली वाकून बघितलं. गोल लाल काच काळी होती. आत काही नव्हतं.

“न्हाय!” तो ओरडला. “लागली न्हाय!”

आतून स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला नाही. पेडल अजून दाबलेलंच होतं.

“लागली न्हाय गं!” आवाज फाटला. समोरच्या शेडमधली माणसं बाहेर आली. “आकाराम खरं बोलला! माझं चुकलं, मी बघितलीच न्हवती! उतरू नगंस, गाडी जाणार न्हाय!”

कुर्र.

स्प्रिंग सुटली. पेडल वर आलं. आणि लगेच म्हातारीचा आवाज आला, नेहमीचा, थोडा वैतागलेला.

“बापू, का वराडालाय? मी अजून कुठं दाबलंय? हितं खाली तीन हायत. त्यातलं कुठलं दाबायचं?”

नागसेन गाडीला धरून पुढं गेला. यल्लव्वाचे पाय सीटवरून लोंबत होते, खालच्या फळ्यांपासून वीतभर वर. त्यानं वाकून मधल्या पेडलच्या रबरावर बोटं ठेवली. रबर ऊबदार होतं.

“हे,” तो म्हणाला. “मधलं. पर थांबा जरा. जोडून घेतो आधी.”

तो गाडीखाली गेला. वायर सैल करून दोन्ही टोकं ओढून जुळवली, पिळली. तोच निळा दोरा सोडवून त्याचे वेढे घेतले. सातच भरले, मग टेप. बाहेर येऊन तो मागं उभा राहिला आणि त्यानं म्हातारीला अजून पुढं सरकून दाबायला सांगितलं. एकदाच कुर्र झालं, आणि काच लाल झाली. साधी लाल. बॅटरीतून वायरीत, वायरीतून बल्बमध्ये, जशी लागायला हवी तशी.

“लागली का?” यल्लव्वानं विचारलं.

“लागली, आत्ती.”

“मग सोडू?”

नागसेन बघत राहिला. लाल उजेड त्याच्या हातांवर, शर्टावर, पायाखालच्या तेलकट मातीवर पडला होता.

“सोडू का, बापू? पाय दुखालाय माझा.”

“सोडा,” तो म्हणाला.

वीज येईपर्यंत तो गाडीमागं उभा राहिला. यल्लव्वा आत बसून राहिली, तिनंही घाई केली नाही. काच पुन्हा लाल झाली नाही. चार वाजता त्यानं शेडची किल्ली झुंबरबाईकडं दिली, सर आले तर गाडी तयार आहे म्हणून सांगायला सांगितलं, हात धुतले, म्हातारीला खाली उतरवलं, आणि दोघं आजऱ्याच्या एसटीसाठी स्टँडकडं निघाली.